आत्मा नाही, मग विचार कोण करतो?

पुण्यातल्या आमच्या अभ्यासवर्गांत हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. विचारणारी पोरं-पोरी आपलीच असतात, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली. "आत्मा नाही हे मान्य, पण मग विचार करतं कोण? नुसतं मांस कसं काय विचार करेल? काहीतरी शक्ती असणारच ना?" पाठोपाठ मोबाईल पुढे येतो. त्यावर कुणा बाबाची क्लिप असते आणि तिला 'क्वांटम चेतना', 'व्हायब्रेशन' अशा शब्दांची फोडणी दिलेली असते. दुसऱ्या बाजूला आमचे काही पुरोगामी मित्र आहेत. ते "मेंदू म्हणजे सगळं, विषय संपला" असं म्हणतात आणि चहा मागवतात. आम्हाला दोघांशीही भांडायचं आहे. पहिल्यांशी जास्त, दुसऱ्यांशी थोडं कमी, पण तितक्याच गंभीरपणे.

हा प्रश्न रिकाम्या वेळेतल्या तत्त्वज्ञानाचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी छांदोग्य उपनिषदाचा पाचवा अध्याय उघडून पाहावा. ज्यांचं आचरण चांगलं ते ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जन्म घेतात. ज्यांचं आचरण घाणेरडं ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत. कुत्रा, डुक्कर, चांडाळ असा क्रमच दिला आहे. आता विचार करा, हे सांगण्यासाठी काय गृहीत धरावं लागतं? मेंदू आणि शरीर मातीत गेल्यावरही उरणारं, कर्माचा हिशेब गाठीला बांधून दुसऱ्या गर्भात शिरणारं काहीतरी असतं, हे. ते 'काहीतरी' काढून घ्या, अख्खा हिशेब कोसळतो. चांडाळाच्या घरी जन्मलेलं मूल कुठलीही शिक्षा भोगायला आलेलं नसतं. ते नव्या मेंदूचं, नवं, निरपराध मूल असतं. आत्म्याचा वाद आपल्यासाठी जातीचा वाद आहे तो यामुळे.

बाबासाहेबांनी हे नेमकं ओळखलं होतं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी जे चार प्रश्न मांडले, त्यातला एक हाच. बुद्धाने आत्मा नाकारला, मग कर्म आणि पुनर्जन्म त्याच्या नावावर कसे? पुढे त्यांनी असंही विचारलं की गतजन्मीच्या कर्माची ही शिकवण कशासाठी असू शकते? गरीब आणि दलित माणसाच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकून टाकावी, याखेरीज तिचा दुसरा हेतू त्यांना दिसला नाही. आजही सरकारी दवाखान्याच्या दारात मूल दगावतं तेव्हा "नशिबात नव्हतं" म्हणणारा माणूस भेटतोच. डॉक्टर नव्हता, औषध नव्हतं, अँब्युलन्स नव्हती. नशीब मात्र वेळेवर हजर.

आता वैदिकांच्या एका गमतीकडे वळू. आत्मा मुळातच ज्ञानस्वरूप आहे, तो सर्वांत एकच आहे, हे शंकराचार्यांचं अद्वैत. पण त्याच शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही हे सिद्ध करताना जुनं धर्मसूत्र आधाराला घेतलं जातं. वेद कानावर पडला तर शूद्राच्या कानात शिसं आणि लाख ओतावी, असं सांगणारं ते वचन. आम्ही विचारतो, ज्ञान जर आत्म्याचंच असेल तर कान बुजवायची गरज काय? आत्म्याला कान लागत नाहीत म्हणता ना? ज्यांनी हे नियम केले त्यांना पक्कं ठाऊक होतं की ज्ञान आकाशातून उतरत नाही. ते कानातून, डोळ्यांतून, पाटीवरून, दुसऱ्या माणसाच्या तोंडून डोक्यात जातं. प्रवचनात ते आत्मवादी होते. बंदोबस्त मात्र मेंदूचा करत होते.

तथागतांकडे येऊ. मज्झिम निकायात सातीची गोष्ट आहे. साती हा कोळ्याचा मुलगा, भिक्खू झालेला. तो सांगत सुटला की हेच विज्ञान, म्हणजे हीच जाणीव, न बदलता एका जन्मातून दुसऱ्या जन्मात फिरत राहते. तथागतांनी त्याला बोलावून घेतलं आणि चांगलं झापलं. जाणीव कारणांशिवाय उत्पन्न होत नाही, हे मी किती परींनी सांगितलं! डोळा आणि रूप एकत्र आले की डोळ्याची जाणीव, कान आणि आवाज एकत्र आले की कानाची. लाकडावर पेटलेली आग लाकडाची, गवतावर पेटलेली गवताची, गोवऱ्यांवर पेटलेली गोवऱ्यांची. सरपण संपल्यावर आग कुठल्या दिशेला गेली हे कुणी विचारत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी मज्जासंस्थेचं शास्त्र नव्हतं. तरी विचार हा कारणांतून उत्पन्न होतो, बाहेरून आत येऊन बसत नाही, हा मुद्दा तिथे स्वच्छ आहे.

यावर आपल्यातलेच काही वाचक दोन हरकती घेतात. पहिली हरकत मालुंक्यपुत्ताची. शरीर आणि जीव एक की वेगळे, हा प्रश्न तथागतांनी अनुत्तरित ठेवला, बाणाची उपमा देऊन बाजूला सारला, मग तुम्ही कशाला बोलता? खरं आहे, ठेवला. बाण लागलेल्या माणसाने आधी बाण काढावा, तो कुणी मारला याची चौकशी नंतर. पण आपल्या अंगातला बाण तर हाच आहे! 'तू मागच्या जन्मीचं फेडतोस' हा बाण. तो काढायचा तर या प्रश्नाला हात घालावाच लागतो.

दुसरी हरकत पायासीची. दीघ निकायातला हा राजन्य पायासी परलोक मानत नसे. चोराला जिवंत मडक्यात कोंबून, तोंड बंद करून, भट्टीवर ठेवून त्याने आत्मा बाहेर पडताना दिसतो का ते पाहिलं. मेल्यावर वजन कमी होतं का तेही पाहिलं. काही दिसलं नाही, म्हणून परलोक नाही, हा त्याचा निष्कर्ष. सुत्तात शेवटी कुमार कस्सप त्याला दृष्टान्तांनी गप्प करतो. मग पिटकातच परलोक आहे की, असं आपले मित्र म्हणतात. आम्ही म्हणतो, पिटकात आहे म्हणून स्वीकारायचं असतं तर वेदात आहे म्हणून स्वीकारायला काय हरकत होती? जे बुद्धिसंगत आहे ते बुद्धाचं, ही कसोटी बाबासाहेबांनीच आपल्या हाती दिली. (पायासीबद्दल आम्हाला वेगळीच चीड आहे. प्रयोग याचा, भट्टीवर चढणारा मात्र दुसराच. ही सवय जुनी दिसते.)

बाबासाहेबांच्या नावावर चालणाऱ्या एका गैरसमजाचाही समाचार घेतला पाहिजे. शरीर आणि जाणीव यांचं नातं समजावताना त्यांनी विजेचा दाखला दिला. विद्युत क्षेत्र असेल तिथे चुंबकीय क्षेत्र सोबत असतं, तसं शरीर असेल तिथे जाणीव, असं का म्हणू नये? मृत्यूनंतर शरीरातली ऊर्जा विश्वातल्या ऊर्जेत मिसळते, असंही त्यांनी लिहिलं. एवढ्यावर काही जण थेट 'बाबासाहेबांनी चेतनेचं क्षेत्र मानलं होतं' इथपर्यंत उडी मारतात. अहो, तारेतला प्रवाह बंद केला की तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही जातं, हे शाळेतल्या प्रयोगात दिसतं. दाखल्याचा रोख तोच आहे, जाणीव शरीरावर अवलंबून आहे. आणि विश्वात मिसळलेल्या ऊर्जेला नाव नसतं, आडनाव नसतं, आठवण नसते, मागच्या जन्मीचं कर्ज नसतं. तिच्यातून तुमचे आजोबा परत येत नाहीत.

आता विज्ञान. योगायोग असा की आमच्या डोक्यात या वादाची दोन टोकं एकाच सालात आहेत, १८४८ मध्ये.

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम चालू होतं. फिनिअस गेज हा पंचवीस वर्षांचा मुकादम सुरुंग ठासत होता. (ठासणं म्हणजे काय हे वडार वस्तीत कुणाला सांगावं लागणार नाही.) दारू उडाली आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार डाव्या गालाखालून घुसून टाळूतून बाहेर पडली. माणूस वाचला. बोलत होता, चालत होता. पण मेंदूचा पुढचा डावा भाग फाटला होता, आणि त्याच्या डॉक्टरने नोंदवलं की शांत, भरवशाचा गेज आता शिवराळ, लहरी झाला आहे, मित्रांना तो पहिला गेज वाटत नाही. पहार कवटीतून गेली होती, स्वभाव बदलला होता. पुढे १८६१ मध्ये पॅरिसच्या ब्रोका या डॉक्टरने दाखवलं की डाव्या मेंदूच्या पुढच्या बाजूचा एक भाग बिघडला की माणसाची वाचा जाते. तेव्हापासून आजवर पुरावा एकाच दिशेने साचत आलेला आहे. पण खरं सांगायचं तर पुराव्यासाठी पॅरिसला जायची गरज नाही. ससूनच्या वॉर्डात पक्षाघाताच्या रुग्णाशेजारी बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा. कालपर्यंत नातवंडांची नावं घेणारा नवरा आज 'पाणी' म्हणू शकत नाही. भूल दिली की जाणीव विझते, औषध उतरलं की पेटते. दारू पोटात जाते आणि विचार बदलतो. आत्मा जर शरीराहून वेगळा, अविनाशी, अलिप्त असेल, तर देशीच्या एका क्वार्टरने त्याचं एवढं वाकडं का व्हावं?

आणि आपल्या माणसांचा पुरावा तर याहून भयंकर आहे. मैला साफ करण्यासाठी सेप्टिक टाकीत, मॅनहोलमध्ये उतरवलेला माणूस हायड्रोजन सल्फाइडने मरतो. हा वायू थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की आधी वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणजे धोका कळायचा मार्ग बंद. मग मेंदूतल्या श्वासकेंद्रावर घाला. काही श्वासांत शुद्ध हरपते. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ चा आहे, मरणं अजून थांबलेलं नाही. त्याच्या मढ्यासमोर येऊन 'आत्मा अमर आहे' म्हणणाऱ्याला आम्ही एकच सांगू, कंत्राटदाराचं नाव सांग.

तर १८४८ चं दुसरं टोक. त्याच वर्षी इथे पुण्यात, बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात, जोतिराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा सुरू केली. पाठोपाठ महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. सात वर्षांनी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. वय जेमतेम चौदा. विषय, मांग-महारांचं दुःख. ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच, मग आम्हाला ग्रंथच नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित आहोत का, असा प्रश्न त्या मुलीने सरळ देवालाच विचारला. पेशवाईत तालमीसमोरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानावर त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, हेही तिनेच लिहून ठेवलं. आज आपण जिथे मार्केट यार्डात भाजीचे ट्रक पाहतो, ते गुलटेकडी.

आमच्या 'मेंदू म्हणजे सगळं' म्हणणाऱ्या मित्रांना इथे थांबवायचं आहे. मुक्ताच्या आजीकडे मेंदू नव्हता का? होता, सव्वा-दीड किलोचाच. आजच्या शास्त्राच्या मोजणीने त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असणार, पेशव्यांच्या मेंदूत होत्या तितक्याच. वेदना होती, भाषा होती, गाणी होती, प्रश्नही असतीलच. पण 'धर्म नावाची गोष्ट ग्रंथावर उभी आहे आणि तो ग्रंथ आम्हाला नाकारला आहे, म्हणून तो धर्म आमचा नाही' हा विचार कागदावर उतरायला अक्षरं लागली, शिकवणारी सावित्रीमाई लागली, शेजारी बसून शिकणाऱ्या मैत्रिणी लागल्या, छापणारं नियतकालिक लागलं. विचार मुक्ताच्या मेंदूतच उत्पन्न झाला, बाहेरून कुठला आत्मा आला नाही. पण तो एकट्या मेंदूने केला नाही. हाच प्रतीत्यसमुत्पाद. सरपण हवं, हवा हवी, ठिणगी हवी. गर्भार बाईला आयोडीन आणि लोह नीट मिळालं नाही तर पोटातल्या बाळाचा मेंदू अडखळतो, हेही त्याच साखळीतलं. म्हणजे रेशन दुकानातलं मीठ हाही विचारस्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

गेजचंसुद्धा तेच. तो पुढे चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकत होता. रोजचं ठरलेलं काम, ठरलेला रस्ता, उतारूंशी वागणं. त्यातून तो बराच सावरला असावा असं आता अभ्यासक मानतात. मोडक्या मेंदूलाही माणसांचं जग हात देतं.

हे आम्ही एवढं लांबवतो आहोत, कारण 'मेंदू' हा शब्द आपल्याविरुद्ध वापरायला सुरुवात कधीच झाली आहे. आत्म्याची जागा आता 'मेरिट'ने घेतली आहे. आधी म्हणत, तुमच्या आत्म्यावर मागचं पाप आहे. आता म्हणतात, तुमच्या जनुकांत, तुमच्या मेंदूत ती कुवत नाही. फरक एवढाच की धोतराऐवजी कोट आला. कवट्या आणि नाकं मोजून माणसांची उतरंड लावायचा धंदा एकोणिसाव्या शतकात जोरात होता. भारतात रिस्लेने नाकाच्या मापावर जातींचा वंश ठरवला. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये घुर्ये यांनी दिलेली तीच मापं घेऊन दाखवलं की अस्पृश्यांचा वेगळा वंश त्यांतून सिद्ध होत नाही. शत्रूच्याच फूटपट्टीने शत्रूचं माप.

आणि एक प्रयोग तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. ३२१ मुलं वरच्या जातींतली, ३२१ दलित. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी. मग काही गटांत सुरुवातीलाच मुलाचं, बापाचं, आजोबाचं नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी घसरली. मेंदू बदलले नव्हते. खोलीत फक्त जात उच्चारली होती. कॉलेजात रँक विचारण्याच्या निमित्ताने प्रवर्ग विचारला जातो तेव्हा नेमकं काय केलं जातं, ते यावरून कळावं. रोहित वेमुलाने जाताना लिहिलेल्या पत्रात माणसाला कधी मन म्हणून वागवलंच गेलं नाही, ही खंत आहे. मरणानंतरच्या गोष्टींवर, भुताखेतांवर आपला विश्वास नाही, हेही त्याच पत्रात आहे. दोन्ही वाक्यं एकाच पोराची आहेत हे लक्षात ठेवा.

(जाता जाता पालकांना: बोटांचे ठसे घेऊन मुलाच्या मेंदूची 'कुवत' सांगणारी डीएमआयटी चाचणी आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारं 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' ही शुद्ध फसवणूक आहे. पट्टीखालून पोरं बघतात. हजारो रुपये घालवायचे तर पुस्तकं आणा.)

विज्ञानाला सगळं कळलं आहे का? नाही. पेशींमधल्या विद्युत-रासायनिक हालचालींतून लाल रंगाचा लालपणा, अपमानाची आग कशी अनुभवाला येते, याचं पूर्ण उत्तर आज कुणाकडेच नाही. आम्ही ते लपवणार नाही. पण 'अजून कळलेलं नाही' या फटीत आत्मा घुसवणाऱ्यांनी आधी एक तरी विचार दाखवावा, जो मेंदूशिवाय झाला आहे. विजा कशा पडतात हे कळत नव्हतं तेव्हा त्या फटीत इंद्र बसला होता. त्याला उठवायला किती शतकं गेली!

पुण्याने तर हा वाद रक्ताने पाहिला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, डोक्यात. गुलटेकडीपासून या पुलापर्यंत ज्यांना विचार संपवायचा असतो, त्यांना तो कुठे राहतो हे अचूक ठाऊक असतं. दुसऱ्या वर्षी, २०१४ मध्ये, एका इंग्रजी साप्ताहिकाने बातमी दिली की तपासासाठी प्लँचेट करून दाभोलकरांच्या आत्म्याला बोलावण्याचा प्रकार झाला. तेव्हाच्या पोलीस आयुक्तांनी तो आरोप फेटाळला. खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक, पण अशी बातमी लोकांना अशक्य वाटली नाही, यातच शहराची तब्येत कळते. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. ती शिक्षा झाली ती साक्षीपुराव्यांवर. आत्म्याने येऊन साक्ष दिली नाही. त्या पुलाच्या लगतच ओंकारेश्वराच्या घाटावर लोक आजही दहाव्याचा पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत बसतात.

तिथे आपलेही लोक असतात, म्हणून हे लिहिलं. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही सहावी प्रतिज्ञा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर ती घेतली गेली. तरी वस्तीत कुणी गेलं की 'आत्म्याला शांती मिळो' असे फ्लेक्स लागतात, खाली पंचशीलाचे झेंडे.

देशाचा कायदा या बाबतीत आपल्या फ्लेक्सच्या पुढे आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू हा माणसाचा मृत्यू मानला. चार डॉक्टरांचं मंडळ, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, आणि मग छाती यंत्रावर हलत असली, हृदय धडधडत असलं, तरी माणूस गेलेला असतो. त्याचं यकृत, मूत्रपिंड, हृदय दुसऱ्या कुणाला जगवू शकतं. त्या हृदयाला जात विचारली जात नाही. येत्या ६ डिसेंबरपासून आम्ही पुण्यातल्या आमच्या अभ्यासवर्गांत अवयवदान आणि देहदानाचे अर्ज ठेवणार आहोत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वंदनेनंतर दहा मिनिटं मागून घेऊ. अर्ज भरताना घरच्यांची सही लागते, म्हणून आई-वडिलांना घेऊन या. आजी "मेल्यावर पुढच्या जन्मी आंधळी होईन" म्हणाली तर तिच्यावर डाफरू नका, बसून बोला. साती भिक्खूची गोष्ट तिला सांगा, चुलीतल्या गोवऱ्या तिला आपल्यापेक्षा जास्त कळतात.